पाणी आलं

मुलींचं वसतिगृह, गावभाग, सांगली
दि. १७ जून २०२४

श्री. आकारामभाऊ गडदे यांना,
सप्रेम नमस्कार.

सोनियाला एक तारखेला आणून सोडलंत, बरं वाटलं. जाताना फाटकापाशी तुम्ही विचारलंत, "बाई, औंदा नदी आत आली तर पोरींचं काय करनार?" तेव्हा पालकांची गर्दी होती, मी नुसतीच मान हलवली. तुमच्या वस्तीवर फोन लागत नाही आणि लागलाच तर तुम्ही "व्हय व्हय" एवढंच म्हणता. म्हणून लिहिते.

२०१९ साली आपण तयार नव्हतो. ज्यांना डोळ्यांनी दिसतं त्या माणसांचेही त्या पुरात हाल झाले, आपल्या मुलींना तर दिसतच नाही. दोन दिवस त्या वरच्या मजल्यावर बसून होत्या. तुमची सोनिया तेव्हा आठ वर्षांची, शिवांजलीच्या शेजारी बसलेली. शिवांजलीला आपण गमावलं. पुन्हा एकही मुलगी मी गमावणार नाही.

यंदा तळमजल्यापासून मागच्या दारापर्यंत भिंतीच्या कडेने दोर बांधून घेतलाय. दर शनिवारी सराव असतो. वेळ आधी सांगत नाही. घंटा होते, मंगल (आमची स्वयंपाकीण) "पाणी आलं, पाणी आलं" असं ओरडते आणि मुली दोर धरून ओळीने जिना चढतात. बावीस पायऱ्या आहेत, त्या मोठ्याने मोजायच्या. मी घड्याळ लावून उभी असते. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं लागली, परवा सहा. पुढच्या महिन्यापासून जिन्यावरून बादल्यांनी पाणी सोडायचं ठरवलंय, म्हणजे वाहत्या पाण्यात पाय कसा टाकायचा ते त्यांना कळेल.

तुमची सोनिया सगळ्यांत पुढे असते. एकदा दोर धरला की सोडत नाही. सराव संपला तरी तिची बोटं मला सोडवावी लागतात, इतकी ती मन लावून करते. अभिमान वाटावा अशी मुलगी आहे.

सोनियाच्या आईला, रंगुबाईंना नमस्कार.

आपली,
पद्मा आगाशे


बिरोबावाडी, ता. जत
ता. २६ जून

पद्माबाईस्नी आकाराम गडदेचा रामराम.

तुमचं पत्र नानासोच्या दुकानात पोचलं. मी सातवी शिकलोय पर सवय ऱ्हायली न्हाई, तवा चूकभूल बगू नका.

तुमी यवढी तयारी केलीया हे वाचून रंगुबाईला धीर आला. ती म्हनती, बाईंनी सांगितलं म्हंजी झालं. मी तिला म्हनलं, मागल्या टायमाला बी बाईच हुत्या. तर माझ्यावर वरडली. तुमाला लागावं म्हनून लिवत न्हाई, बाई. मनात आलं ते लिवलं.

हिकडं आजून थेंब न्हाई. टँकर एक दिसाआड येतोय. मेंढ्यास्नी पाजाय दोन कोस जावं लागतं. तुमी तिकडं पानी कवा येतंय म्हनून भ्यायचं आन आमी हिकडं कवा येतंय म्हनून वाट बगायची. एकच जिल्हा हाय म्हनत्यात.

माझं एकच मागनं. पानी येनार आसं वाटलं तर पोरीला कुटल्या छावनीत ठेवू नका. घरी लावून द्या. मी जतच्या ष्ट्यांडावर उभा ऱ्हातो.

आपला,
आकाराम


सांगली
दि. २४ जुलै, दुपार

आकारामभाऊ,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. सोनियाच्या पिशवीत ठेवतेय, म्हणजे तुम्हाला मिळेल तेव्हा ती तुमच्याजवळ असेल. नानासोंच्या दुकानात फोन करून गाडीची वेळ कळवली आहे.

चार दिवस पाऊस थांबलेला नाही. कोयनेचे दरवाजे उद्या उघडणार म्हणतात. आयर्विन पुलापाशी पाणी पस्तीस फुटांच्या वर गेलंय. पालिकेची रिक्षा भोंगा लावून सकाळपासून फिरतेय, "सखल भागातील नागरिकांनी..." एवढंच ऐकू येतं, पुढचं पावसात जातं. दत्तनगर, काकानगरची माणसं शाळांमध्ये गेली. आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या दारात टेम्पो. समोरचे दुकानदार कापडाचे तागे माळ्यावर चढवतायत. गाड्या सगळ्यांनी विश्रामबागेकडे उंचावर नेऊन लावल्यात, त्यामुळे रस्ता इतका मोकळा झालाय की भीती वाटते. कोणी कोणाशी जास्त बोलत नाही. "तुम्ही कधी निघताय?" एवढंच विचारतात.

चाळीस फुटांना इशारा असतो. संस्थेचे लोक म्हणाले, बाई, थोडं थांबा, चाळीस होऊ दे. मी थांबले नाही. सव्वीसच्या सव्वीस मुली आज आणि उद्या आपापल्या गावी जातील. प्रत्येकीच्या गळ्यात नाव, गाव आणि अपंगत्वाच्या दाखल्याची प्रत आहे. जतच्या गाडीत मंगल सोबत येतेय.

सोनिया निघताना रडली नाही, एक शब्दही बोलली नाही. शहाणी आहे.

पद्मा


बिरोबावाडी
ता. २९ जुलै

बाईस्नी रामराम.

पोर पोचली. गाडी दोन तास उशिरा आली, मी ष्ट्यांडावर हुतोच. मंगलबाईस्नी च्या पाजला आन त्याच गाडीनं माघारी लावून दिलं. तुमचं पत्र वाचलं.

सोनिया बरी हाय. लय बोलत न्हाई. तिच्या आयनं वाळकाची भाजी केली हुती, खाल्ली.

तुमी कुटं हाय? तुमी बी निगा की आता. पोरी गेल्यावर मोकळ्या घरात काय राखताय?

आकाराम


सांगली
दि. ५ ऑगस्ट

आकारामभाऊ,

मी इथेच होते. शेवटची मुलगी गेल्यावर मंगल आणि मी धान्य, ब्रेलची पुस्तकं, गाद्या वर चढवल्या आणि वरच्या मजल्यावर बसून राहिलो. पाणी चाळीस फुटांच्या आसपास गेलं आणि तिथेच थबकलं. मग उतरायला लागलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशीसुद्धा आलं नाही. वसतिगृहाची पायरी कोरडी आहे.

माझ्याकडे बघून काही जण हसले. हसू देत. मी मात्र देवापुढे साखर ठेवली.

सोमवारपासून, १२ तारखेला, वर्ग सुरू होतील. सोनियाला रविवारी आणून सोडा. सातवीचं गणित तिचं अर्धं राहिलंय. तिच्यासाठी सोबत ब्रेलमध्ये दोन पानं लिहिली आहेत, तिची तीच वाचेल.

पद्मा


बिरोबावाडी
ता. १४ ऑगस्ट

बाईस्नी रामराम.

पानी आत आलं न्हाई, लय बरं झालं.

सोनियाला जरा कणकण हाय. बरी झाली की घिऊन येतो. हिकडं मेंढ्यास्नी बी रोगाची साथ हाय, माझा बी पाय निगत न्हाई.

तुमची ठिपक्याची पानं तिच्या हातात दिली.

आकाराम


सांगली
दि. ३० ऑगस्ट

आकारामभाऊ,

सोनियाचा ताप उतरला असेल. सव्वीसपैकी अकरा मुली परत आल्या. बाकीच्यांच्या घरून रोज एक नवं कारण येतं. कोणाच्या आजीला बरं नाही, कोणाच्या भावाचं लग्न. पलूसची एक मुलगी तर इथून तासाभराच्या अंतरावर, तिलाही आणत नाहीत. तिचे वडील म्हणाले, घरी आहे तर राहू दे, आम्हाला पण सवय झाली.

मुलींची संख्या पंधराच्या खाली राहिली तर वसतिगृह चालू ठेवता येणार नाही, असं संस्थेने कळवलंय. सप्टेंबरअखेर हजेरी बघणार आहेत. तुम्ही तरी उशीर करू नका. सोनिया आली की तिच्याकडे बघून जत-कवठेमहांकाळच्या आणखी दोघी येतील.

पद्मा


बिरोबावाडी
ता. ८ सप्टेंबर

बाईस्नी रामराम.

गौरी झाल्या की बगतो. तिची आय सोडाय तयार न्हाई. तुमी रागावू नका.

आकाराम


सांगली
दि. १६ सप्टेंबर

श्री. आकाराम गडदे यांस,

रागावू नका म्हणता. मी रागावले आहे आणि ते लपवणार नाही.

एकतीस वर्षं मी हे काम करतेय. मुलगी महिनाभर घरी राहिली की काय होतं ते मला पाठ आहे. पहिल्यांदा आईला माया येते. मग लक्षात येतं की ही बसल्या जागी लसूण सोलते, धान्य निवडते, लेकरू सांभाळते, कुठे जात नाही, काही मागत नाही. मग ताप येतो, मग गौरी येतात, मग दिवाळी. तीन वर्षांनी मी त्या घरी गेले की मुलगी कोपऱ्यात बसलेली असते आणि बोटांना एक अक्षर आठवत नसतं.

तुम्ही असे नाही असं मला वाटत होतं. २०१९ नंतर, करोनानंतर, दोन्ही वेळा तुम्ही तिला परत आणलीत. ज्या मुलीला मी बारावीपर्यंत नेणार होते, तिला तुम्ही मेंढरं मोजायला बसवणार असाल तर तसं एकदा स्पष्ट लिहा. मग मी पुन्हा पत्र पाठवणार नाही.

पद्मा आगाशे


बिरोबावाडी
ता. २४ सप्टेंबर

बाईस्नी रामराम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. रंगुबाईला वाचून दावलं न्हाई. तिला सांगितलं, बाईंनी खुशाली इचारलीया.

आता खरं लिवतो. आदी लिवलं न्हाई, कारन तुमाला वाईट वाटंल म्हनून. तुमी पोरींच्या जिवासाठी झटलाय. तुमच्या तोंडावर आसं कसं बोलायचं?

सोनियाला ताप न्हवता.

नऊ आगष्टला आमच्या कॅनॉलला पानी सुटलं. पुराचं पानी योजनेच्या पंपानं उचलून हिकडं सोडत्यात, ठावं आसंल तुमाला. तुमच्या तिकडचं नको झालेलं पानी. हिकडं सनावानी. बाया हळदीकुकू घिऊन कॅनॉलवर, कुनी नारळ फोडतोय, आन वस्तीवरची सगळी पोरं पळत सुटली, पानी आलं, पानी आलं.

सोनिया आंगनात शेळीच्या करडाला घिऊन बसलेली. वरडा ऐकला तशी ताडकन उटली. करडू टाकून दिलं. वाघरीला, म्हंजी मेंढरं कोंडायच्या जाळ्याला, दोर आसतो, तो तिनं धरला आन मोजाय लागली. एक, दोन, तीन. आमच्या घराला जिना कुटं हाय बाई? ती सपाट आंगनात पाय उचलून उचलून टाकत हुती. बावीस झाले की परत एकपास्नं. माझ्या पुतन्याची पोरगी तीन वर्साची, तिचा दंड धरून वडत हुती, चल चल म्हनून. ती ल्हान पोर वरडाय लागली. मी सोनियाचे हात सोडवाय गेलो तर सुटंनात. दोराखाली दोनी तळवं सोलून निगालं.

तवापास्नं हांडा वतल्याचा आवाज आला तरी कान झाकून घेती. आंगोळ न्हाई, तिची आय वल्या फडक्यानं पुसती. जतच्या डाक्टरला दावलं. त्यानं गोळ्या दिल्या आन म्हनला, सांगलीला मोट्या डाक्टरकडं न्या. सांगलीचं नाव काडलं की ती जेवत न्हाई.

मी तिला जवळ बसवून इचारलं, कशाला भितीस बाळा, पानी तर आत आलंच न्हाई. तर म्हनली, शिवांजली सावकास चालायची म्हनून मेली. बाई घड्याळ बगत्यात. मी मागं ऱ्हायले तर माझ्या मागची मरनार.

आसं तिला कुनी सांगितलं, मला ठावं न्हाई. ल्हान हाय, आपल्या मनानं बी म्हनत आसंल.

तुमची ठिपक्याची पानं तिनं वाचली न्हाईत. तशीच ठेवल्यात.

लसूण सोलाय मी तिला बसवलं न्हाई, बाई. तेवढं लिवायचं हुतं.

आकाराम


सांगली
दि. ३ ऑक्टोबर

आकारामभाऊ,

चार दिवस लिहायला बसत होते आणि उठत होते.

ते मी सांगितलं. सोनियाने मनानं घेतलेलं नाही. जुलैच्या पहिल्या शनिवारी जिन्यावर पाणी सोडलं तेव्हा मुली घाबरून थांबल्या, ओळ तुटली. मी खालून ओरडले, "शिवांजलीसारखं व्हायचंय का?" सगळ्या पटकन चालायला लागल्या. उपाय लागू पडला असं मला वाटलं. म्हणून पुढच्या शनिवारीही म्हटलं. त्याच्या पुढच्याही.

शिवांजली सावकाश चालत होती म्हणून गेली नाही. २०१९ साली पाच ऑगस्टला संध्याकाळी मंगल माझ्याकडे आली होती. "बाई, पाणी गल्लीच्या तोंडाला आलंय, पोरींना आताच हलवू." मी म्हणाले, "सकाळी बघू." अंथरुणं घातलेली होती, मुलींची जेवणं व्हायची होती, पाऊस होता. सकाळी दार उघडलं तर दारात कमरेएवढं पाणी. मग दोन दिवस ओले कपडे, आणि तिच्या छातीत आधीच कफ. आठव्या दिवशी ती दवाखान्यात वारली. मंगलने हे आजवर कोणाला सांगितलं नाही. मीही नाही. माझी चूक मी मुलींच्या पायांवर घातली आणि पाच वर्षांनी घड्याळ घेऊन त्यांच्यामागे लागले.

आणि माझी तयारी उत्तम झाली, भाऊ. सहा मिनिटांत मुली वर जायला लागल्या आणि दोन दिवसांत वसतिगृह रिकामं झालं. इतकं रिकामं की आता भरत नाही. अकरावर संख्या थांबली. दिवाळीची सुट्टी लागली की हे घर बंद होईल. ज्यांना जायचं आहे त्या मुली पुण्याला दुसऱ्या संस्थेत जातील. नदीने जे केलं नाही ते मी केलं.

मागच्या पत्रात मी तुम्हाला जे बोलले त्याची क्षमा मागते. रंगुबाईंचीही.

दसऱ्यानंतर एक दिवस तुमच्याकडे आले तर चालेल का? तिला परत न्यायला येत नाही. शिवांजलीबद्दलचं खरं तिला माझ्या तोंडून सांगायचं आहे. तुम्ही नको म्हणालात तर येणार नाही.

पद्मा


बिरोबावाडी
ता. ८ आक्टोबर

बाईस्नी रामराम.

या. सकाळची जत गाडी बरी पडंल. ष्ट्यांडावर मी येतो.

आकाराम


बिरोबावाडी
ता. ४ नोव्हेंबर

बाईस्नी आकारामचा रामराम.

तुमी वाईला भावाकडं गेलाव म्हनून तुमी दिलेल्या पत्त्यावर ह्यो कागद टाकतोय. तुमच्या भावास्नी, सुमंतरावांस्नी बी रामराम सांगा. वाईला बी नदी तीच हाय न्हवं? म्हाताऱ्या मानसानं घाटावर जपून जावं.

त्या दिवशी तुमी चार तास वसरीवर बसला. निम्मी भाकरी ताटातच ठिवली, ते रंगुबाईनं बगितलं. तुमचा आवाज वळखून सोनिया जी मेंढरांत जाऊन बसली ती उटली न्हाई. मी दोनदा हाक मारनार हुतो. तुमीच म्हनला, नका, भाऊ, पुन्ना बोलावल्यावर यायची वेळ तिच्यावर नको. मग वाघरीच्या भायेर उभं ऱ्हाऊन तुमी तिला सगळं सांगितलं. तुमी ष्ट्यांडावर गाडीत बसताना मला म्हनला, "तिनं ऐकलं की नाही कोण जाणे." तवा मला बी ठावं न्हवतं.

आता सांगतो. तुमी गेल्यावर दिस मावळायच्या आत ती उटून आली. हात धुवाय तांब्यातलं पानी घेतलं न्हाई, ती भीती अजून गेली न्हाई. रंगुबाईच्या शेजारी चुलीपाशी बसली. जरा येळानं म्हनली, "आबा, बाईंचा आवाज लय म्हातारा झालाय." मी म्हनलं, व्हय. मग म्हनली, "सकाळी बघू आसं तर आपुन बी म्हनतो की."

तुमास्नी कळवावं म्हनून लिवलं.

ती साळंला जानार न्हाई. पुण्याचं मी इचारून बगितलं, मान हलवली. मी बी जबरदस्ती करनार न्हाई. तुमच्या मनात हुतं तसं बारावी-बिरावी आता हुईत न्हाई, हे तुमी बी धरून चाला.

परवा आमी मेंढरं घिऊन भायेर पडतोय. रंगुबाई, मी, सोनिया, दोन घोडी. दरसाल दिवाळी झाली की पलूसच्या अंगाला उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवाय जातो. तिकडं चारा लय, शेतकरी वळखीचं, जेवायला बी घालत्यात. पर तिकडं जायाचं म्हंजी कृष्नेचा काठ. औंदा तिकडं जात न्हाई. भावकीतली मानसं येड्यात काडत्यात, मेंढरं उपाशी मारनार म्हनत्यात. दहाबारा मरतीलबी. आमी उगवतीला, विजापूरच्या अंगाला चाललोय. तिकडची भाषा येत न्हाई, चारा बी निम्मा.

जेठापतोर घराला कुलूप आसंल, तवर पत्र टाकू नका. तिकडं आमाला पत्ता न्हाई. पर त्या वाटंला कुटंबी नदी लागत न्हाई, तेवढं मी चार मानसांस्नी इचारून घेतलंय.

आपला,
आकाराम गडदे